आतडे सुधारते आहे, मग माणूस का खचतो आहे?

प्रश्न : मी नोंदणीकृत आहारतज्ज्ञ आहे आणि गेली चार वर्षे सांगलीत माझे स्वतःचे सल्लाकेंद्र चालवते. २०२१ मध्ये कोविड झाल्यानंतर सव्वा वर्ष मला विलक्षण थकवा होता. आहार बदलला, आंबवलेले पदार्थ वाढवले आणि हळूहळू मी बरी झाले. तेव्हापासून आतड्यातील जिवाणू आणि दीर्घकालीन थकवा हाच माझ्या कामाचा मुख्य विषय झाला आहे. एक कंपनी शौचाच्या नमुन्यावरून जिवाणूंची तपासणी करणारे किट माझ्यामार्फत देते. त्यावर मिळणारे कमिशन आता माझ्या उत्पन्नाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आहे. सध्या माझ्याकडे येणाऱ्या एका बँक कर्मचारी ताई एक्केचाळीस वर्षांच्या आहेत. चार महिन्यांपासून त्यांचा गहू, दूध आणि डाळी बंद आहेत, दोन प्रकारच्या कॅप्सूल चालू आहेत आणि रोजचे चालणे दर आठवड्याला पाच मिनिटांनी वाढवायचे असे ठरले आहे. दुसऱ्या किटचा अहवाल पहिल्यापेक्षा चांगला आला, पण त्यांचे वजन सात किलोंनी घटले असून रविवारचा पूर्ण दिवस त्या अंथरुणातच असतात. 'तुमच्यावर माझा विश्वास आहे,' असे त्या म्हणतात आणि मला रात्री झोप लागत नाही. मी चुकीच्या वाटेवर आहे का? हे काम सोडून द्यावे का? — एक आहारतज्ज्ञ, सांगली

उत्तर :

सप्रेम नमस्कार. काम सोडायचे की नाही हा प्रश्न काही दिवस थांबू शकतो, त्या ताईंचा प्रश्न मात्र थांबू शकत नाही, म्हणून प्रथम त्यांच्याविषयी लिहिते. पत्र मिळताच त्यांना फोन करून चालण्याचा कार्यक्रम पूर्णपणे थांबवायला सांगा, त्यांच्या ताटातून काढलेले पदार्थ कोणत्या क्रमाने परत येणार आहेत हे ठरवा, आणि त्यांना तुमच्या हस्ते लिहिलेल्या पत्रासह एखाद्या फिजिशियनकडे पाठवा.

चालण्याचा भाग सर्वांत तातडीचा आहे. सोमवार ते शनिवार बँकेत काम, त्यातच वाढत जाणारे चालणे आणि रविवारी अंथरुण, हे वर्णन साध्या थकव्याचे वाटत नाही. मायाल्जिक एन्सेफॅलोमायलायटिस किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजाराची खूण म्हणजे श्रमानंतर येणारी ढासळ, जिला रुग्ण स्वतः 'क्रॅश' म्हणतात. शारीरिक किंवा बौद्धिक श्रम झाले की त्याची किंमत लगेच नव्हे तर बहुधा १२ ते ४८ तासांनी वसूल होते आणि ती कित्येक दिवस, कधी आठवडेही, फेडावी लागते. मध्ये एवढा अवधी गेल्यामुळे कारण आणि परिणाम यांची सांगड ना रुग्णाला लागते, ना सल्ला देणाऱ्याला. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०१५ मध्ये निदानाचे जे निकष सुचवले, त्यांत ही ढासळ अनिवार्य आहे. तिच्यासोबत सहा महिन्यांहून अधिक काळ कामाची क्षमता लक्षणीय घटलेली असणे आणि झोपूनही ताजेतवाने न वाटणे हवे, शिवाय विचारांतील धूसरपणा किंवा उभे राहिल्यावर होणारा त्रास यांपैकी किमान एक गोष्ट हवी.

अशा माणसाला ठरलेल्या वेळापत्रकाने व्यायाम वाढवत नेण्याचा सल्ला अनेक वर्षे प्रतिष्ठित मानला जात होता. २०११ मध्ये ब्रिटनमधील ६४१ रुग्णांवरील एका मोठ्या चाचणीने त्याला बळ दिले, पण त्या चाचणीच्या पद्धतीवर पुढे कठोर टीका झाली. अखेर ब्रिटनच्याच नाइस या संस्थेने ऑक्टोबर २०२१ मधील मार्गदर्शक सूचनांत, ठरावीक टप्प्यांनी श्रम वाढवणारा कार्यक्रम या रुग्णांना देऊ नये, असे स्पष्ट म्हटले. तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. वीसेक वर्षांपूर्वी एका शिक्षिकेला मी स्वतः 'रोज दहा मिनिटे जास्त चाला, अंग मोकळे होईल' असे सांगितले होते. त्या इतक्या आज्ञाधारक होत्या की तीन महिने तसेच चालत राहिल्या. नंतर त्यांना जिना चढणेही जमेना आणि ती गोष्ट मला सांगायला त्यांच्याऐवजी त्यांचे यजमान आले. मला आजही त्या शिक्षिका आठवतात, कारण ज्या रुग्णाचा आपल्यावर विश्वास असतो तोच आपली चूक सर्वांत निष्ठेने पाळतो.

आता फिजिशियनकडे का पाठवायचे, ते सांगते. मी वर आजाराचे नाव घेतले असले तरी ते लावण्याचा अधिकार मला या पत्रातून नाही आणि तुम्हालाही नाही. आपल्याकडे थकव्याची साधी, उपचार होण्याजोगी कारणे इतकी मुबलक आहेत की त्यांना वगळल्याशिवाय आतड्यातील जिवाणूंपर्यंत पोहोचणे म्हणजे वाटेतली दहा दारे न उघडता थेट माळ्यावर चढणे होय. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे परिसरातील ४४१ पुरुषांपैकी सुमारे दोनतृतीयांश पुरुषांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते आणि शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण त्याहून अधिक होते. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन किंवा आम्लपित्तासाठी पँटोप्राझोल वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत ही कमतरता आणखी वाढते. तुमच्या ताईंचे दूध चार महिने बंद आहे. त्या शाकाहारी असतील, तर ब-१२ चा उरलासुरला स्रोतही आपणच बंद केला आहे, हे ध्यानात घ्या.

हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), ब-१२, थायरॉइड, साखर, मूत्रपिंड व यकृताच्या चाचण्या हा झाला पाया. त्यापुढे क्षयरोग, घोरणे व झोपेतील श्वासरोध, नैराश्य आणि चालू असलेली औषधे यांचा विचार डॉक्टरांनी करायचा आहे. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडीचे ठोके मिनिटाला ३० किंवा त्याहून अधिक वाढतात का, हे पाहायला पलंग आणि घड्याळ यांपलीकडे काही लागत नाही, तरी ते क्वचितच पाहिले जाते. आंघोळीच्या गरम पाण्याखाली उभे राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते का, एवढे तुम्ही ताईंना विचारून पत्रात नोंदवू शकता.

गव्हाविषयी एक खबरदारी तुमच्या व्यवसायातील प्रत्येकाने पाळायला हवी. सिलिअ‍ॅक म्हणजे गव्हातील ग्लुटेनमुळे आतड्याला इजा होण्याचा आजार. त्याची रक्तचाचणी रुग्ण गहू खात असतानाच विश्वासार्ह ठरते. आधी गहू बंद केला आणि मग चाचणी केली, तर खरा आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. त्यामुळे गहू बंद करण्यापूर्वी चाचणी, हाच क्रम योग्य आहे. ताईंच्या बाबतीत तो उलटा झाला असल्याने, गहू पुन्हा सुरू करून किती आठवड्यांनी चाचणी करायची हे डॉक्टरांनाच ठरवू द्या, आणि चार महिने गहू बंद होता ही माहिती पत्राच्या पहिल्या ओळीत द्या. घटलेल्या सात किलोंचे कारण पथ्य असेल असे तुम्हाला व मला वाटते, पण ते गृहीत धरायचे नाही. शौचातून रक्त जाणे, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब किंवा संध्याकाळचा ताप यांपैकी काही असेल, तर पत्राची वाटही न पाहता त्यांना त्याच दिवशी पाठवा.

यानंतर ताटाकडे वळते, कारण तो तुमचा खरा प्रांत आहे. तुमच्या पत्रात जे लिहिलेले नाही पण ओळींमधून दिसते ते असे की ताईंच्या घरी दोन स्वयंपाक होत असणार. घरच्यांसाठी पोळी, आमटी, भाजी आणि ताईंसाठी वेगळे काहीतरी, आणि ते दोन्ही बहुधा ताईच करत असणार, बँकेतून आल्यावर. आपण तक्त्यात 'सकाळी भिजवलेले बदाम, अकराला भाज्यांचा रस, संध्याकाळी क्विनोआ' असे लिहितो, तेव्हा त्या प्रत्येक ओळीमागे निवडणे, चिरणे, वाटणे आणि भांडी घासणे असते, आणि ज्या माणसाची दिवसभराची शक्ती ओंजळीएवढी आहे त्याच्या ओंजळीतूनच आपण ते काढून घेतो. पथ्याची किंमत उष्मांकांत आणि रुपयांत मोजायला आपण शिकतो, रुग्णाच्या शक्तीत मोजायला कोणी शिकवत नाही. या आजारात चांगला आहार कोणता, असे मला विचाराल तर मी म्हणेन की जो घरातल्या इतरांच्या ताटापेक्षा फार वेगळा नाही, बसून करता येतो आणि वाईट दिवशी दुसऱ्या कोणालाही रांधता येतो, तो. मुगाची खिचडी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, शेंगदाण्याचा कूट आणि ताक यांत लाज वाटण्यासारखे काही नाही. भाकरी थापायलाही जोर लागतो, म्हणून ती विकत आणली तरी चालते, हेही तक्त्यात लिहा, कारण आपण लिहिले नाही तर त्या ती थापतच राहतील.

डाळी एकदम न आणता धुतलेल्या मुगापासून सुरुवात करा. भिजवून पाणी फेकले की वायू करणारी काही शर्करा त्या पाण्याबरोबर निघून जाते, हे आपल्या आज्यांना कारण माहीत नसताना ठाऊक होते. पदार्थ एकावेळी एकच आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने आणावा. तुम्ही लो-फॉडमॅप आहाराचा, म्हणजे आतड्यात आंबून वायू करणारी कर्बोदके कमी करणाऱ्या आहाराचा, आधार घेतला असेल असे वाटते. ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला तो आहार इरिटेबल बॉवेल सिंड्रोममध्ये (पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी वारंवार होण्याच्या विकारात) पुष्कळांना उपयोगी पडतो, परंतु त्यातील वर्ज्य टप्पा दोन ते सहा आठवड्यांचाच असतो आणि त्यानंतर पदार्थ परत आणणे हा त्या आहाराचाच अर्धा भाग आहे. कांदा, लसूण, गहू आणि बहुतेक डाळी काढल्यावर मराठी स्वयंपाकघरात उरते ते काय, हा प्रश्न तर आहेच. त्याहून मोठी विसंगती अशी की या आहाराने बिफिडोबॅक्टेरिया हे जिवाणू घटतात, असे अभ्यासांत वारंवार दिसले आहे. ज्यांना पोसण्यासाठी आपण रुग्णाला कॅप्सूल विकतो, त्यांनाच दुसऱ्या हाताने उपाशी ठेवतो.

तुमच्या विषयात शास्त्रीय तथ्य नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये अमेरिकेतील दोन गटांचे अभ्यास एकाच वेळी प्रसिद्ध झाले. त्यांपैकी कोलंबिया विद्यापीठातील गटाने क्रॉनिक फटीग सिंड्रोमच्या १०६ रुग्णांची तुलना ९१ निरोगी व्यक्तींशी केली. रुग्णांमध्ये ब्युटिरेट तयार करणारे जिवाणू कमी होते, आणि फीकॅलिबॅक्टेरियम प्राउस्निट्झी हा जिवाणू जितका कमी तितका थकवा अधिक, असा संबंधही आढळला. ब्युटिरेट हे मोठ्या आतड्याच्या अस्तरातील पेशींचे मुख्य इंधन असल्याने ही गोष्ट निश्चितच विचार करण्याजोगी आहे. मात्र थकव्यामुळे माणूस हालचाल कमी करतो, वेगळे खातो, औषधे घेतो, त्याचा कोठा जड होतो, आणि यांतील प्रत्येक गोष्ट जिवाणू बदलते. आधी काय बदलले, हे अशा तुलनेतून कळत नाही.

उपचाराच्या बाजूने सर्वांत आशादायक वाटणारे काम हाँगकाँगचे आहे. तेथे कोविडोत्तर त्रास असलेल्या ४६३ जणांवर झालेल्या चाचणीत बिफिडोबॅक्टेरियाच्या तीन जाती आणि त्यांचे खाद्य यांचे मिश्रण सहा महिने दिले गेले. थकवा कमी झाल्याचे मिश्रण घेणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांनी आणि प्लासिबो, म्हणजे तुलनेसाठी दिलेले औषधी गुण नसलेले मिश्रण, घेणाऱ्यांपैकी ४३ टक्क्यांनी सांगितले. हा फरक खरा आहे, पण प्लासिबोवरही शंभरातील त्रेचाळीस जण सुधारले, आणि एकूण जीवनमानात किंवा शारीरिक हालचालीत दोन्ही गटांत फरक दिसला नाही, हे वाचायला विसरू नका. शिवाय ते मिश्रण विशिष्ट होते, रुग्ण कोविडोत्तर होते, आणि दुकानातील कोणत्याही डबीवर 'बिफिडो' लिहिलेले दिसले म्हणून त्या चाचणीचे पुण्य तिला लागत नाही. अमेरिकन गॅस्ट्रोएंटेरॉलॉजिकल असोसिएशनने २०२० मध्ये इरिटेबल बॉवेलसाठीही प्रोबायोटिक्स (उपकारक मानलेल्या जिवंत जिवाणूंची औषधे) संशोधनाच्या चौकटीतच वापरावीत असे म्हटले होते. २०१८ मध्ये इस्राएलच्या वाइझमन संस्थेतील एका प्रयोगात तर प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेतलेल्यांचे मूळ जिवाणू पूर्ववत होण्यास उलट अधिक काळ लागला.

राहिले किट. नमुना कसा साठवला, डीएनए कसा काढला, कोणत्या माहितीसाठ्याशी ताडून पाहिला, यांवर त्याचे उत्तर बदलते, आणि 'निरोगी आतडे' म्हणजे नेमके काय याचे सर्वमान्य माप आज अस्तित्वात नाही. त्यातही भारतीयांच्या, विशेषतः धान्य-भाजी खाणाऱ्यांच्या आतड्यात प्रिव्होटेला या जिवाणूंचे प्रमाण पाश्चात्त्यांपेक्षा बरेच अधिक असते. त्यामुळे परदेशी मापाने आपले सामान्य आतडे 'असंतुलित' ठरू शकते. २०२४ च्या अखेरीस आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या एका गटाने लॅन्सेटच्या पोटविकारविषयक नियतकालिकात, रुग्णांनी स्वतः मागवायच्या अशा तपासण्यांना दैनंदिन उपचारांत स्थान देऊ नये, अशा आशयाची भूमिका मांडली आहे. तुमच्या ताईंचे उदाहरण तर तुमच्यासमोरच आहे. अहवाल चढला आणि माणूस उतरला, तेव्हा चूक कोणाची मानायची हे ठरवायला संशोधनाची गरज नाही. जाता जाता, आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात आणि त्यांचे वजन दोन किलो भरते हे वाक्य तुमच्या माहितीपत्रकात असेल तर काढा. २०१६ मधील फेरगणनेनुसार जिवाणू सुमारे ३८ लाख कोटी आणि पेशी सुमारे ३० लाख कोटी, म्हणजे जवळजवळ बरोबरी, आणि जिवाणूंचे वजन सुमारे २०० ग्रॅम इतकेच येते.

कमिशन घेणे थांबवा. उत्पन्नाचा तिसरा हिस्सा जाणार हे लहान दुःख नाही आणि तुमच्या घरचे हप्ते मला ठाऊक नाहीत, पण ज्या वस्तूची शिफारस करायची की नाही हे तुम्ही निःपक्षपणे ठरवायचे आहे, तिच्यावर तुमचे घर चालू नये. ही तूट भरून काढायला तुमच्याकडे एक गोष्ट आहे, जिचे तुम्ही आज पैसेच घेत नाही. थकलेली माणसे तुमच्याकडे का येतात, याचा विचार करा. दवाखान्यात त्यांना चार मिनिटे मिळतात आणि 'कामाचा ताण आहे, फिरायला जा' असे ऐकून ती परततात. तुम्ही पाऊण तास ऐकता, नोंदी ठेवता, पुन्हा फोन करता. तुमच्या कामातील गुण बहुतांशी या ऐकण्यात आहे, आणि बिल मात्र जिवाणूंच्या नावाने निघते. वीस मिनिटांचा फोनवरील सल्ला, कारण या रुग्णांना तुमच्यापर्यंत येणेच महाग पडते. दोन आठवड्यांची श्रम आणि लक्षणांची नोंदवही तपासणे. डॉक्टरांना सविस्तर पत्र लिहिणे. घरच्यांना बसवून स्वयंपाकाची वाटणी समजावणे. या सर्वांचे शुल्क उघडपणे फलकावर लिहून घ्या. २०२१ च्या संलग्न आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्याने आहारतज्ज्ञांना त्या यादीत स्थान दिले आहे, तेव्हा व्यावसायिक म्हणून मानधन मागण्यात संकोच नको.

त्या फलकावर 'दीर्घकालीन थकव्यातून मुक्ती' असे शब्द असतील, तर ते मात्र उतरवा. २००५ मधील एका व्यापक आढाव्यात या आजारातून पूर्ण बरे होणाऱ्या प्रौढांचे मध्यक प्रमाण सुमारे ५ टक्के आणि काहीतरी सुधारणा होणाऱ्यांचे सुमारे ४० टक्के होते. तुम्ही स्वतः बऱ्या झालात याचा मला मनापासून आनंद आहे. पण विषाणूजन्य तापानंतरचा थकवा अनेकांचा पहिल्या वर्ष-दीड वर्षात आपोआप ओसरत जातो, आणि तुमचा ओसरला तेव्हा तुमच्या हातात ताकाचा पेला होता, एवढेच त्यावरून खात्रीने म्हणता येते. ही गोष्ट रुग्णाला सांगू नये असे नाही. तिच्या शेवटी 'माझे असे झाले, तुमचे वेगळे असू शकेल' हे वाक्य जोडावे, अन्यथा जो बरा होत नाही तो स्वतःलाच पथ्यचोर समजू लागतो.

आंबवलेल्या पदार्थांविषयी तुमचा उत्साह मला आवडतो. २०२१ मध्ये स्टॅनफर्डच्या एका छोट्या, ३६ निरोगी प्रौढांवरील प्रयोगात आंबवलेले पदार्थ दहा आठवडे वाढवल्यावर जिवाणूंची विविधता वाढली होती. फक्त इडली आणि शिजवलेली आंबील यांतील जिवाणू आचेवर मरतात, तेव्हा त्या पचायला हलक्या म्हणून द्या, जिवंत जिवाणूंचा स्रोत म्हणून नव्हे. घरच्या विरजणाच्या दह्यात आणि ताकात ते जिवंत असतात, पण कोणते व किती हे घरागणिक बदलते. ताक जेवणाचा भाग म्हणून सांगा, औषध म्हणून नको. दूध चार महिने बंद असलेल्या ताईंना पहिल्या दिवशी अर्धी वाटी पुरे.

त्यांच्याशी बोलताना तुम्हाला सर्वांत कठीण जाईल ते पहिले वाक्य, म्हणून त्याचा एक मसुदा देते : 'ताई, चालणे वाढवायला मी सांगितले ते तुमच्यासाठी चुकीचे ठरले, ते आजपासून बंद करा. तुम्ही काहीही चुकवलेले नाही.' यातले दुसरे वाक्य गाळू नका. डॉक्टरांच्या पत्रात गहू व दूध बंद केल्याच्या तारखा, महिन्यागणिक वजन, दोन्ही कॅप्सूलची पूर्ण नावे आणि रविवारच्या ढासळीचे ताईंच्या शब्दांतील वर्णन असावे. किटचे दोन्ही अहवाल त्याला जोडायची आवश्यकता नाही. तपासण्यांचे निष्कर्ष आल्यावर, ताईंची हरकत नसेल तर, मला जरूर कळवा. गहू परत आणण्याचा क्रम आपण तेव्हा मिळून पाहू.